चाकांवरचा तराजू: फोर्कलिफ्ट सुरक्षित चालवण्याची रीत

जळगाव एमआयडीसीत फोर्कलिफ्ट शिकायला येणारी बहुतेक पोरं आधी ट्रॅक्टरवर हात बसवून आलेली असतात. कोणी चोपड्याकडचा, कोणी एरंडोल-पारोळ्याचा. घरी कपाशी नाहीतर केळी, अंगणात एखादा जुना ट्रॅक्टर. आल्या आल्या म्हणतात, "दादा, गिअर, क्लच, ब्रेक सगळं येतं. फक्त लिव्हर दाखवा." मी बावीस वर्षं ही मशीन चालवली, त्यातली शेवटची नऊ दुसऱ्यांना शिकवण्यात गेली. माझा पहिला दिवस त्यांच्या अंगातला ट्रॅक्टर काढण्यातच जातो.

ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तोंड डावीकडे जातं, पण शेपूट झपकन उजवीकडे फेकली जाते, आणि त्या शेपटीत टनावारी लोखंड असतं. ट्रॅक्टरचा माल मागे ट्रॉलीत असतो, इथे तो डोळ्यांसमोर भिंतीसारखा उभा राहतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसवायची आपल्याकडे सवयच आहे. तीच सवय इथे आली की हेल्पर फोर्कवर, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन लोखंडी पात्यांवर, उभा राहून गोदामभर फिरतो. फोर्कलिफ्टवर एकच सीट असते, ती चालवणाऱ्याची.

आधी तराजू समजून घ्या

आपल्या बाजारात तराजू सगळ्यांना कळतो, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. फोर्कलिफ्टची पुढची चाकं म्हणजे तराजूची मूठ. पुढे फोर्कवर माल, मागे काउंटरवेट, म्हणजे तोलासाठी बसवलेलं ते शेपटीतलं लोखंड. मागचं पारडं जड आहे तोवर मशीन जमिनीवर. पुढचं जड झालं की मागची चाकं उचलली जातात, आणि मागची चाकं म्हणजेच स्टिअरिंग. ती हवेत गेली की तुमच्या हातात काहीच राहत नाही.

मागचं पारडं हलकं वाटतं म्हणून त्यावर दोन माणसं बसवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती माणसं वजन म्हणून बसलेली नसतात, पहिल्या धक्क्याला चाकाखाली जाण्याच्या जागेवर बसलेली असतात. माल जड असेल तर मोठी मशीन आणा किंवा माल दोन खेपांत न्या.

आता पाटी वाचा. प्रत्येक मशीनवर क्षमतेची पाटी असते. तिच्यावर नुसतं "२५०० किलो" नसतं, शेजारी "५०० मिमी" असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की मालाचा मध्यबिंदू फोर्कच्या उभ्या पाठीपासून ५० सेंटिमीटरवर असेल तरच २५०० किलो. एक मीटर खोलीच्या पॅलेटचा, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या पाटाचा, मध्य बरोबर तिथे येतो. पॅलेट दीड मीटर खोलीची झाली की मध्य ७५ सेंटिमीटरवर सरकतो.

पाटीच्या कागदावर पोरांकडून मी हा हिशेब करून घेतो. समजा पुढच्या चाकाच्या आसापासून फोर्कची पाठ ४५ सेंटिमीटरवर आहे. मग मूठ ते माल अंतर ४५ अधिक ५०, म्हणजे ९५. २५०० गुणिले ९५, आले २,३७,५००. तराजू पेलू शकतो तेवढाच हा भार. आता मध्य ७५ वर नेला तर अंतर १२० झालं. २,३७,५०० ला १२० ने भागा: जेमतेम १,९८० किलो. मशीन तीच, ऑपरेटर तोच, आणि पाचशे किलोंची ताकद फक्त माल पुढे सरकल्याने गेली. हा हिशेब समजण्यापुरता आहे. खरा आकडा पाटीवरून किंवा कंपनीच्या तक्त्यावरूनच घ्यायचा, कारण माल जितका उंच जातो तितकी क्षमता आणखी घटते. बेल क्लॅम्प (गाठी पकडणारा चिमटा) किंवा साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारी जोडणी) बसवला तर त्याचं स्वतःचं वजनही पुढच्याच पारड्यात पडतं. त्यासाठी वेगळी पाटी लागते. जिनिंगमधल्या क्लॅम्पच्या मशीनवर जुनीच पाटी दिसली तर मालकाला विचारा, नवी कुठे आहे?

दुसरी गोष्ट आडव्या तोलाची. चाकं चार दिसतात, पण मशीन उभी असते तिवईवर. मागचा आस मध्यावर एका पिनवर झुलतो, म्हणून पुढची दोन चाकं आणि मागची ती पिन असे तीनच पाय धरायचे. वजनाचा मध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर सगळं ठीक. माल उंच असताना वळलात, उतारावर आडवे गेलात, एक चाक गटारीच्या झाकणावर चढलं, की तो मध्य त्रिकोणाबाहेर सरकतो. आणि एक गोष्ट जुन्या ऑपरेटरांनाही पटत नाही. रिकामी मशीन वेगात वळताना जास्त सहज आडवी होते. माल नसला की वजन मागे सरकतं, आणि मागे त्रिकोण निमुळता असतो. "आता तर खालीच आहे" म्हणून जेवणाच्या सुट्टीला सुसाट निघालेला पोरगा या कारणाने जास्त धोक्यात असतो.

चावी फिरवण्याआधीची फेरी

शिफ्ट सुरू होताना मशीनभोवती एक फेरी मारा. दहा मिनिटं लागतात. आधी खाली वाका आणि जमिनीवर तेलाचा ठिपका आहे का बघा. असेल तर तो कुठून येतोय ते शोधा, पण पाईपवर हात फिरवून नव्हे. हायड्रोलिकच्या पाईपला सुईएवढं भोक असलं तरी दाबाखालचं तेल कातडी फोडून आत शिरतं आणि हाताचा जीव घेतं. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, गळती त्यावर उमटते.

टायर बघा. आपल्याकडे पॅकिंगच्या पट्ट्यांचे तुकडे आणि खिळे रबरात रुतलेले सापडतात. चाकाचे नट हाताने चाचपा. मग फोर्क. टाचेत, म्हणजे आडवा भाग उभ्याला मिळतो त्या कोपऱ्यात, चीर आहे का ते टॉर्च लावून बघा. दोन्ही टोकं एका पातळीत आहेत का, आणि फोर्कची लॉक पिन जागेवर आहे का, तेही पाहा. फरशीवर घासून घासून टाच झिजते. जाडी १० टक्के कमी झाली की ताकद सुमारे २० टक्क्यांनी गेलेली असते, आणि तो फोर्क बाद धरायचा. मूळ जाडी आठवत नसेल तर उभ्या भागावर कॅलिपर लावा, तो भाग झिजत नाही. तिथे ४० मिमी आणि टाचेत ३६ भरले तर फोर्क बदलायची वेळ आली. झिजलेल्या फोर्कला वेल्डिंग मारून चालवू नका. उष्णतेने पोलादाचा पोत बिघडतो आणि तो पुढे न वाकता एकदम तुटतो.

फोर्क उचलणाऱ्या दोन्ही चेन सारख्या ताणलेल्या हव्यात. नव्या चेनच्या ३० सेंटिमीटर मापात ९ मिमी वाढ झाली, म्हणजे ३ टक्के, की चेन बदलायची. चेन तपासताना मास्टच्या, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली सरकतात त्या उभ्या सांगाड्याच्या, आत हात घालायचा नाही, मशीन बंद असली तरी.

बाकी पटकन: डोक्यावरची जाळी, मालाची पाठ अडवणारी जाळी, सीट बेल्ट, आरसे, आग विझवायचं सिलिंडर. चढताना हॅन्डल धरा, स्टिअरिंगला लोंबकळू नका. सुरू केल्यावर हॉर्न, रिव्हर्सचा आवाज, ब्रेक, हॅन्डब्रेक बघून घ्या. मास्ट एकदा पूर्ण वर नेऊन खाली आणा, टिल्ट पुढे-मागे करा. जे सापडेल ते वहीत लिहा. ब्रेक, स्टिअरिंग, मास्ट, फोर्क किंवा चेन यात दोष असेल तर चावी काढून सुपरवायझरच्या हातात द्या आणि मशीनवर "बंद" अशी पाटी लावा. "आजची गाडी भरून घे, संध्याकाळी बघू" असं कोणी म्हटलं तरी चावी परत घ्यायची नाही.

माल उचलणं

आधी वजन माहीत करा. प्लास्टिक दाण्याच्या २५ किलोच्या चाळीस बॅगा म्हणजे एक टन. कापसाची गाठ साधारण १७० किलोची, एका वेळी सहा उचलल्या तर टनाच्या पुढे गेलात. जंबो बॅग टनाची असू शकते. तिचे बंद नुसत्या फोर्कच्या टोकात अडकवले तर ती झोपाळ्यासारखी हलते आणि तराजूचं पारडं स्वतःच पुढे-मागे नाचायला लागतं. तिच्यासाठी हुकाची जोडणी मिळते, ती वापरा. वजन माहीतच नसेल तर उचलू नका, काट्यावर नेऊन बघा.

पॅलेटसमोर सरळ या, थांबा. फोर्क पॅलेटमध्ये बसतील तेवढे रुंद करा. टोक आडवं आणि सपाट ठेवून माल पाठीला टेकेपर्यंत आत जा. निदान दोन तृतीयांश फोर्क मालाखाली हवाच. टोकं पॅलेटच्या पलीकडे निघत असतील तर मागच्या थप्पीला भोसकतील, तेही बघा. दहा सेंटिमीटर उचला आणि थांबा. या थांबण्यावर मी फार भर देतो. एका श्वासाएवढ्या वेळात कळतं की माल कलतोय का, पॅलेटची फळी करकरतेय का, मागची चाकं हलकी वाटताहेत का. सगळं बरोबर असेल तर मास्ट मागे झुकवा, थोडं मागे सरकून मोकळे व्हा आणि फोर्क प्रवासाच्या उंचीवर आणा.

चालवणं

प्रवासाची उंची जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर. मास्ट मागे झुकलेला. माल वर ठेवून गोदाम पार करणारा ऑपरेटर दिसला की मी त्याला तिथेच उतरवतो.

समोरचं दिसत नसेल तर रिव्हर्समध्ये चला, मान पूर्ण मागे वळवून. उतारावर नियम वेगळा आहे: माल नेहमी चढाच्या बाजूला. भरलेली मशीन रॅम्पवर तोंडाने चढते आणि रिव्हर्समध्ये उतरते. रिकामी असेल तर उलटं, फोर्क उताराकडे: रिव्हर्समध्ये चढायचं, तोंडाने उतरायचं. भरली मशीन चढवताना समोर दिसत नसेल तर वर एक माणूस बाजूला उभा करून त्याच्या हाताच्या खुणेवर चला. रॅम्पवर वळणं आणि आडवं थांबणं पूर्ण बंद.

आमच्या भागातल्या तीन गोष्टी कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत सापडत नाहीत, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पाईपचे कारखाने आपल्याकडे खूप. सहा मीटरचा बंडल आडवा उचलला की फोर्कच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर पाईप बाहेर असतो. तुम्ही जागेवर थोडं वळलात तरी पाईपचं टोक माणसाच्या कमरेच्या उंचीवर मोठा फेरा मारतं. पाईप लवचिक असतो, म्हणून मशीन थांबल्यावरही टोक झुलत राहतं. अशा मालासाठी फोर्क शक्य तितके रुंद लावा, बंडल बांधलेलाच उचला, आणि दोन्ही टोकांपासून दूर एक-एक माणूस ठेवल्याशिवाय यार्डात वळू नका.

दुसरं, सांडलेला दाणा. प्लास्टिकचा दाणा फरशीवर पडला की तो छर्‍यांसारखा काम करतो. ब्रेक लागतो, चाक थांबतं, मशीन घसरत पुढे जाते. फाटलेली बॅग दिसली की मशीन थांबवा, झाडून घ्या, मग निघा. यात दोन मिनिटं गेली तर जाऊ द्या.

तिसरं, ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो. यार्डातल्या पांढऱ्या उजेडातून अंधाऱ्या गोदामात शिरलं की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि नेमकं दारातच माणूस उभा असतो. दारात थांबा, हॉर्न द्या, मनात सात मोजा, मग आत जा. बाहेर येतानाही तेच. आणखी एक: या दिवसांत सगळ्यांनी डोक्याला, कानाला रुमाल घट्ट बांधलेला असतो. झाडणाऱ्या बायका तर डोळे सोडून सगळं तोंड झाकून घेतात. त्यांना तुमचा हॉर्न ऐकू येत नाही. इलेक्ट्रिक मशीनचा तर आवाजही नसतो. म्हणून हॉर्न दिला म्हणजे रस्ता आपला झाला, असं समजू नका. समोरच्याची नजर तुमच्या नजरेला मिळाली आणि त्याने हात वर केला, तरच पुढे जा.

पायी चालणारी माणसं

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्याच्या गोदामात मी पॅलेट ठेवून मागे घेत होतो. नजर फोर्कच्या टोकावर, कारण टोक शेवटच्या थप्पीला लागू नये एवढीच काळजी. स्टिअरिंग फिरवलं आणि शेपूट बाजूला गेली. तिथे माझाच हेल्पर बॅगांना पाठ लावून उभा होता. वेग काहीच नव्हता, माणूस चालतो त्याहून कमी. त्याची मांडी काउंटरवेट आणि थप्पीच्या मध्ये आली. हाड मोडलं. चूक माझी होती. मी निघण्याआधी मागे बघितलंच नव्हतं. तो आज सावद्याच्या बाजारात कधीतरी भेटतो, थोडा लंगडतो, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

तेव्हापासून मी निघण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघतो आणि माणूस तीन मीटरच्या आत असेल तर लिव्हरवरचा हात काढून घेतो. तो जागेवरून हलेपर्यंत मशीन हलत नाही. मशीन आणि भिंत, मशीन आणि थप्पी, मशीन आणि ट्रक यांच्या मधल्या जागेत कोणी कधीच उभं राहायचं नाही. वर उचललेल्या फोर्कखालून जायचं नाही, फोर्क रिकामे असले तरी. माल हाताने सावरून धरायला कोणाला पुढे बोलवायचं नाही. सावरायची गरज पडतेय म्हणजे माल नीट बांधलेला नाही.

भाषेचाही प्रश्न असतो. एका डॉकवर, म्हणजे ट्रक भरायच्या ओट्यावर, अहिराणी, पावरी, भिली आणि हिंदी बोलणारी माणसं एकत्र काम करतात. घाईत ओरडून सांगितलेलं अर्ध्यांना कळत नाही. म्हणून पाच खुणा ठरवा आणि शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर करून दाखवा: थांब, ये, वर, खाली, बाजूला हो. "थांब"ची खूण कोणीही दाखवली, अगदी नव्या पोराने दाखवली, तरी थांबायचं. खूण देणारा दिसेनासा झाला की मशीन तिथेच उभी.

उंचावरचं काम असेल, बल्ब बदलायचा किंवा वरच्या थप्पीतली बॅग काढायची असेल, तर माणसाला पॅलेटवर उभं करून वर नेऊ नका. पॅलेट फोर्कला बांधलेली नसते, आणि माणूस वाकला की तोल तिचा जातो. त्यासाठी शिडी, मचाण, किंवा कंपनीने मान्य केलेला, फोर्कला साखळीने जखडलेला, कठड्याचा पिंजरा लागतो.

थप्पीवर ठेवणं आणि ट्रक भरणं

थप्पीसमोर आल्यावर पूर्ण थांबा, मगच माल वर न्या. उंचीवर पोचल्यावर इंच-इंच पुढे जा. माल थप्पीच्या बरोबर वर आल्याशिवाय मास्ट पुढे झुकवायचा नाही. वर असलेला माल मागेही फार झुकवू नका. ठेवल्यावर फोर्क सरळ बाहेर काढा, मागे बघा, मोकळे झाल्यावर मास्ट खाली घ्या आणि मगच वळा.

डॉकवर सगळ्यात वाईट अपघात ट्रक हलल्यामुळे होतात. अडीच टनी मशीनचं स्वतःचं वजन साडेतीन-चार टनांच्या घरात असतं. वर माल धरला तर सहा टनांचा भार, त्यातला बहुतेक पुढच्या दोन चाकांवर. ट्रक हातभर पुढे सरकला तर ही सगळी मशीन फटीत उतरते. माझी रीत सोपी आहे. ट्रकचा हॅन्डब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, आणि ट्रकची चावी डॉकच्या खिळ्यावर टांगलेली. भरणं संपून मी स्वतः चावी हातात देईपर्यंत ड्रायव्हर भाऊ गाडीत बसत नाही. सुरुवातीला ते रागावतात. त्यांना समजावून सांगितलं की कळतं, कारण चहा पिऊन आलेला ड्रायव्हर "झालं असेल" म्हणून गाडी काढतो, हे त्यांनीही पाहिलेलं असतं. ट्रेलर घोड्यापासून (ओढणाऱ्या इंजिनाच्या गाडीपासून) सोडलेला असेल तर पुढच्या टोकाखाली टेकू दिल्याशिवाय आत जाऊ नका. हौद्याची फळी कुजलेली आहे का, हे आधी पायी जाऊन पाहा.

मशीन कलली तर

हे वाचताना सोपं वाटेल, पण ऐन वेळी शरीर उलटं वागतं. म्हणून उभ्या, बंद मशीनवर बसून याचा सराव करायचा.

मशीन आडवी पडायला लागली की माणूस उडी मारतो, आणि ज्या बाजूला मशीन पडतेय त्याच बाजूला मारतो. मग डोक्यावरची जाळीच त्याच्या अंगावर येते. जी जाळी वाचवायला बसवली, तीच उडी मारणाऱ्याला मारते. म्हणून उडी मारायची नाही. बेल्ट लावलेला असेल तर आतच राहायचं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, पाय जमिनीच्या पत्र्यावर रोवा, आणि मशीन ज्या बाजूला पडतेय त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवा. बेल्ट नसेल तर यातलं काहीच जमत नाही. उन्हाळ्यात बेल्टचं बक्कल तापतं म्हणून लावत नाहीत, हे मला माहीत आहे. बक्कलावर कापडाची पिशवी शिवा, पण बेल्ट लावा.

इंधन, बॅटरी आणि आग

डिझेल आणि एलपीजीच्या मशीनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही. बंद गोदामात डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर ते ऊन लागल्याचं लक्षण समजू नका. मशीन बंद करा आणि सगळ्यांना बाहेर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खड्ड्यात, गटारीत साचतो. म्हणून सिलिंडर बदलणं मोकळ्या जागेत, इंजिन बंद करून. घरगुती सिलिंडर लावू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय या मशीनला सिलिंडरमधून द्रवरूप गॅस लागतो आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून वाफ येते.

बॅटरीची मशीन असेल तर चार्जिंगची जागा हवेशीर ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने भडकतो. तिथे बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर काही नको. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला, आधी पूर्ण भरलं तर ॲसिड उतू जातं. आपल्या उन्हाळ्यात पाणी लवकर उतरतं, वहीत तारीख लिहीत चला. हाताला चटका बसेल इतकी बॅटरी तापली असेल तर निवू द्या, मग चार्जरला लावा. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि जवळ वाहत्या पाण्याचा नळ.

केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये इथिलीन वापरतात, आणि तो जळणारा वायू आहे. रावेर-यावल पट्ट्यात अशा चेंबरची संख्या वाढलीय. तिथे डिझेलची मशीन आत नेऊ नका. चेंबरमध्ये गारवा आणि ओल दोन्ही असतात, फरशी कायम ओली. वेग अर्धा करा, आणि कॅरेटची थप्पी बांधल्याशिवाय उचलू नका.

जिनिंगबद्दल हात जोडून सांगतो. हंगामात इंजिनवर, सायलेन्सरवर, रेडिएटरवर कापसाची लव बसते आणि ती तापत राहते. दर शिफ्टला मशीन थंड झाल्यावर हवा मारून साफ करा. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (धुरातली ठिणगी अडवणारी जोडणी) हवाच. फोर्क फरशीवर घासत नेऊ नका, त्याने ठिणगी उडते. गाठीला ठिणगी लागली की ती वरून विझल्यासारखी दिसते आणि आत तासन्‌तास धुमसत राहते. अशी गाठ थप्पीत परत ठेवायची नाही, उघड्यावर वेगळी काढायची आणि नजर ठेवायची.

मशीन सोडताना

फोर्क पूर्ण जमिनीवर, टोकं खाली टेकलेली. गिअर न्यूट्रल, हॅन्डब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात. दार, फायर पॉइंट आणि विजेच्या पॅनलसमोर उभी करू नका. "दोन मिनिटांत येतो" म्हणून चावी मशीनला सोडली की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी शिकाऊ पोरगा वर बसलेला असतो.

मालकांनी आणि सुपरवायझरनी करायचं

ऑपरेटर अठरा वर्षांच्या वरचा, डोळे तपासलेला आणि शिकलेला असावा. लायसन्स आहे म्हणजे फोर्कलिफ्ट येते असं नाही. प्रत्यक्ष परीक्षा घ्या, आणि पास झालेल्यांची नावं लेखी लावा. चावी फक्त त्यांनाच. माणसांची वाट आणि मशीनची वाट पिवळ्या पट्ट्याने वेगळी करा, कोपऱ्यावर गोल आरसा लावा, शक्य असेल तिथे कठडा. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाचे फलक लागतात, त्याच आठवड्यात हे पट्टे नव्याने रंगवून घेतले तर वर्षभर उपयोगी पडतील. मे महिन्यात जड काम पहाटे आणि रात्री लावा, आणि ऑपरेटरला दर दोन तासांनी सावलीत उतरू द्या. पाणी कमी पडलेल्या माणसाला अंतराचा अंदाज येत नाही.

थोडक्यात टळलेले प्रसंगही वहीत लिहायला सांगा, आणि लिहिणाऱ्याला रागावू नका. एकदा रागावलात की वही कोरी राहते.

कारखाना कायदा १९४८ पासून कामगाराची सुरक्षा ही मालकाची जबाबदारी आहे. त्या कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. ठेकेदाराकडून आलेल्या ऑपरेटरांनी ते मागून घ्या. त्या कागदावर तुमचं काम काय लिहिलंय तेही वाचा. "हेल्पर" लिहून फोर्कलिफ्टवर बसवत असतील तर दुरुस्त करून घ्या.

अपघात झालाच तर आधी मशीन बंद. माणूस अडकला असेल तर घाईने मशीन ओढू नका, फोर्क हलवू नका. नीट बघून, जॅक किंवा दुसऱ्या साधनाने भार उचलूनच त्याला काढा. १०८ ला फोन लावा आणि गेटवर एक माणूस उभा करा, नाहीतर ॲम्ब्युलन्स एमआयडीसीच्या गल्ल्यांत फिरत बसते. नोंद त्याच दिवशी अपघात वहीत करा आणि ईएसआयला (राज्य कामगार विम्याला) कळवा. कामावर झालेल्या दुखापतीचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो, त्यासाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. तात्पुरतं काम बंद पडलं तर पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. माझ्या हातून पाय मोडलेल्या त्या हेल्परची नोंद आमच्या सुपरवायझर नानांनी त्याच संध्याकाळी केली होती, दवाखान्यातूनच. पाच महिने तो घरी होता, आणि त्या पाचही महिन्यांत त्याच्या घरी पैसे येत राहिले.